मुहूर्ताच्या दिवशी साहेब आले

समोरच्या माणसाच्या खांद्यावरून ते नेहमी काहीतरी झटकायचे. कापसाच्या रुईचा धागा असो-नसो, दोन बोटांनी तो उचलल्यासारखं करायचे, फुंकर मारायचे आणि मगच बोलायला लागायचे. समोर मजूर असो, कचेरीतला साहेब असो की मी असो. माणूस तेवढ्यानंच निम्मा विरघळायचा. बाप आपलं अंग पुसतोय असं वाटायचं. मलाही वाटायचं. आज ते आठवलं की खांदा धुवून काढावासा वाटतो.

तुमच्याही गावात असा एक माणूस असेल. निवडणूक कधी न लढलेला, आणि तरी प्रत्येक सरकारी बैठकीत साहेबाच्या उजव्या हाताला बसलेला. आमच्या बुलढाण्याकडच्या तालुक्यात ते म्हणजे शेटजी. दोन जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, मालक आणि जिनिंगमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष. मी त्या संघटनेचा कारकून. अध्यक्ष बदलायची पद्धत आमच्याकडे नव्हती. कारकूनही बदलला नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "सरकार म्हंजे लहान लेकरू आहे, बाबू. त्याले भूक लागली हेबी आपूनच सांगा लागते." आणि भरवायचंही आपणच. हा भाग ते बोलत नसत, करत.

बीटी कापूस आला त्या सुरुवातीच्या वर्षांत ते व्यापाऱ्यांच्या एका शिष्टमंडळाबरोबर युरोपला जाऊन आले. गेले होते यंत्रं पाहायला, पाहून आले भलतंच. आल्या-आल्या मला समोर बसवलं.

"तिकडे मालकाच्या संघटनेचं हापिस सरकारच्या हापिसासमोरच हाये, मधात फक्त रस्ता. कायदा व्हायच्या आंधी त्याचा कागद याईच्या टेबलावर येते. हे म्हणते, हे खोडा, हे ठेवा. आन सरकार आयकते!"

"आणि मजूर?" मी विचारलं.

"त्याईचाबी माणूस बसते टेबलाले. त्याले म्हणे मजूरच निवडून देते." हे सांगताना शेटजी हसले, तिकडच्या लोकांच्या भोळेपणाला हसावं तसे.

त्यातलं पहिलं त्यांनी घरी आणलं. दुसरं बहुधा पेटीत मावलं नाही. महिनाभरात आमच्याकडेही टेबल आलं. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला सरकार, तिसऱ्या बाजूला मजुरांचा प्रतिनिधी. हा प्रतिनिधी म्हणजे शेटजींच्या जीपचा ड्रायव्हर. पहिल्याच बैठकीत सरकारच्या बाजूच्या साहेबांनी विचारलं, "कामगारांचं म्हणणं काय आहे?" ड्रायव्हर दचकून उठला, शेटजींकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी काढू का?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. त्यानंतर कामगारांचं म्हणणं मीच लिहून देऊ लागलो. मालकांचंही मीच लिहीत होतो. दोन्हींत फक्त सहीची जागा वेगळी असायची.

जिनिंगमध्ये बायका कापूस पसरतात, त्यातला डागी बोंडाचा भाग, ज्याला कवडी म्हणतात, तो वेचून काढतात, उरलेला यंत्राच्या तोंडाशी लोटतात. शेडमध्ये हवा अशी नसतेच; जे असतं ते रुईचं असतं. पूर्वी दिवाळीला सुरू झालेली यंत्रं होळीला शांत व्हायची. बीटीनंतर कापूस एवढा येऊ लागला की चैत्र सरला तरी धडधड थांबेना. बायकांचा खोकलाही तेवढाच लांबला. सरकारकडून विचारणा आली होती, की जिनिंगना धूळ ओढणारे पंखे बसवायची सक्ती करावी का, आणि या बायकांना आजारपणाची रजा आणि दवाखान्याचा खर्च लागू करावा का.

शेटजींनी निवेदन सांगायला सुरुवात केली. धंदा हंगामी आहे, असं लिही. बोजा पडला तर कापसाचा भाव पाडावा लागेल, असं लिही. मग डोळे मिटून म्हणाले, "दुसऱ्या परिच्छेदात आत्महत्या टाक, बाबू. सायेब लोक तिथं थांबते."

मी टाकल्या. त्या आठवड्यात आमच्या पट्ट्यातल्या एका गावात दोन शेतकऱ्यांनी जीव दिला होता. दोन शेतकऱ्यांच्या मरणावर दोन जिनिंगच्या पंख्यांचा खर्च वाचवायचा, हे मला कळत होतं. वाक्य चांगलं जमलं, हेही मला कळत होतं.

साहेब स्वतः शेड पाहायला येणार असं ठरलं, तेव्हा हमीदाबी संघटनेच्या दारात येऊन उभी राहिली. उंद्रीकडून लग्न होऊन इथं आलेली, शेटजींच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं कवडी वेचणारी. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त खोकणारी.

"बाबू, सायेब येऊन राह्यले म्हणे. आमाले बोलू देतीन का?"

"देतील की. काऊन नाही देणार?" मी म्हणालो.

साहेबांना कोणता दिवस दिलाय, हे मला ठाऊक होतं. हंगामाच्या मुहूर्ताचा. त्या दिवशी आमच्याकडे यंत्राची पूजा होते, पहिल्या गाडीच्या बैलांना टिळा लावतात, गाडीवानाला टोपी-उपरणं देतात. आदल्या दिवशी शेड पाण्यानं धुतात, दाराला तोरण बांधतात. यंत्र फिरतं ते एका गाडीपुरतं. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा त्या शेडमध्ये माणसाला पलीकडची भिंत दिसते.

साहेब आले. उदबत्तीचा वास, ओली फरशी, शेटजींनी दिलेल्या नव्या साड्या नेसून ओळीनं बसलेल्या बायका. साहेब म्हणाले, "वा! छानच ठेवलंय हो तुम्ही."

हमीदाबी उठली. "सायेब, आज नोका पाहू. पंधरा दिसानं या. आज तं..." आणि तिला खोकल्याची उबळ आली.

शेटजी लगबगीनं पुढे झाले. तिच्या हातात लाडू ठेवला. "हे आमची हमीदाबी! इच्या पोरीच्या निकाहात म्या सोता वाढलं हाये, सायेब. विचारा इले." ते खरं होतं. हातात लाडू आणि समोर खरी गोष्ट, माणूस काय बोलणार? साहेब माझ्याकडे वळले. "बाईंचं काय म्हणणं आहे?"

मी म्हणालो, "काही नाही साहेब. प्रसाद कमी पडला म्हणतात."

सगळे हसले. बायकाही हसल्या. साहेब म्हणाले, "द्या हो त्यांना अजून." हमीदाबी माझ्याकडे पाहत खाली बसली. तिच्या दुसऱ्या हातातही कुणीतरी लाडू ठेवला.

पंख्यांची सक्ती झाली नाही. आजारपणाची रजा लागू झाली नाही. शेटजींनी पेढे वाटले आणि माझ्या खांद्यावरून काहीतरी झटकलं.

हा माणूस नुसता लबाड असता, तर बरं झालं असतं. पुढे हमीदाबीला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा ते स्वतः मोसंबी घेऊन गेले. खाटेशी बसून सोलली, बिया काढून एकेक फोड तिला दिली. मी बरोबर होतो. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि ते ढोंग नव्हतं. तिचा नवरा चाचरत म्हणाला, "शेटजी, दवाखान्याचं काही कायद्यात बसत असन तं..." तसे त्यांचे डोळे जागच्या जागी वाळले. "कायद्याचं कायद्याले विचार बे. मी माणूस म्हणून आलो होतो." सालं तिथंच टाकून ते उठले. कुणी हात पसरला की त्यांना पाझर फुटायचा. तोच हात हक्क दाखवायला उचलला की त्यांना त्याची किळस यायची. त्यांच्या दयेइतकी ओंगळ गोष्ट मी पाहिली नाही. आणि मी तिची शुद्ध मराठीत पाठराखण करत राहिलो.

शेटजी पिकल्या वयात, झोपेत गेले. गेल्या ज्येष्ठात मुलांनी त्यांच्या नावानं जिनिंगच्या शेडमध्ये दम्याचं मोफत तपासणी शिबिर ठेवलं. यंत्रं बंद होती. दारात त्यांचा हार घातलेला फोटो आणि बायकांची लांब रांग. हमीदाबीला उभं राहवत नव्हतं, म्हणून तिनं रांगेत चपला ठेवल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसली होती. रांग सरकली की चपला मी पुढे सरकवत होतो. तिनं मला सांगितलं नव्हतं.

तिची पाळी आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "आजी, कुठं काम करायच्या?"

"अठीच."

"इथं? धुळीत? मग तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही का?"

हमीदाबीनं दम घेतला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती सांगेल. मला ते हवंही होतं.

"सांगतलं होतं न, बाई," ती डॉक्टरला म्हणाली. "हे बाबू होते तवा. पण त्याईले आयकू आलं नाही. यंत्राचा लय आवाज राह्यते."

साहेब आले होते त्या दिवशी, ती बोलायला उठली तेव्हा यंत्र बंद होतं. एका गाडीचा कापूस काढून, आरतीसाठी थांबवलेलं.