कोपऱ्यातलं नाव

गेली अठरा वर्षं पनवेलात कुठेही बॅनर लागला, की त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘विश्वजीत आर्ट्स’ आणि माझा मोबाइल नंबर असतो. मग तो वाढदिवसाचा असो, निवडीच्या अभिनंदनाचा असो, नाहीतर श्रद्धांजलीचा. लोक वरचा चेहरा बघतात, मी कोपरा बघतो. तिथे दुसऱ्या कुणाचं नाव दिसलं, की त्या बॅनरमधल्या सगळ्या चुका मला आपोआप दिसायला लागतात. हा माझा स्वभाव आधीच सांगून टाकलेला बरा, कारण मी प्रांजल कोळीबद्दल लिहायला बसलोय आणि प्रांजलवर मी जळतो. एके काळी जळायचो असं नाही. आज सकाळीही जळलो.

प्रांजल चोवीस वर्षांची. खाडीकडच्या कोळीवाड्यात राहते. तिची आई हौसाबाई मासळी बाजारात बसते, आणि तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. वडील उरणला बंदरात कामाला. प्रांजल कामोठ्यातल्या एका क्लासमध्ये सहा महिने अ‍ॅनिमेशन शिकली आणि बाकीचं फोनवर बघून बघून. मी मुंबईत पाच वर्षं रीतसर कला शिकलो, अक्षरलेखनात पहिला आलो. ते सर्टिफिकेट दुकानात गल्ल्याच्या वर लावलंय. गिऱ्हाइकांपैकी कुणी ते वाचलेलं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ती दुकानात आली ती पेन ड्राइव्ह घेऊन. हल्ली आमच्याकडे हळदीचं छापील आमंत्रण कुणी बघत नाही. फोनवर हलणारं लागतं. गणपती यायला हवा, एकवीरा यायला हवी, नवऱ्या मुलाचं नाव लाटांतून वर यायला हवं. हे सगळं ती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बनवायची, पण त्यात ग्राफिक्स कार्डच नव्हतं. मिनिटभराचं आमंत्रण बाहेर काढायला, म्हणजे रेंडर करायला, तिला दोन-दोन दिवस लागायचे आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्याकडे मात्र काचेच्या पेटीतला, आतून निळा-जांभळा उजळणारा कॉम्प्युटर होता आणि त्यात तीन पंख्यांचं महागडं कार्ड. खरं सांगायचं तर मला त्याची काहीच गरज नव्हती. बॅनर सपाट असतो, त्याला एवढी ताकद लागत नाही. पण गिऱ्हाईक ते दिवे बघून वचकतं.

“दादा, एक फाइल रेंडरला लावू का? तुमचं काम नसेल तेव्हा,” तिने विचारलं.

“लाव की,” मी म्हणालो. “पैसे नकोत. फक्त ज्याच्या मशीनवर काम निघालं, त्याचं नाव कोपऱ्यात. आपल्या धंद्याचा नियमच आहे तो.”

असा नियम पनवेलातच काय, कुठेच नाही. तो मी त्याच क्षणी तयार केला. ती “बरं दादा” म्हणाली आणि मला वाटलं, आपण केवढे उदार.

मग ती दर दोन-चार दिवसांनी यायची. रेंडर लावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि एका शंभर पानी वहीत काहीतरी लिहायची. स्क्रीनच्या कडेला छोटी खिडकी उघडून त्यातले आकडे बघायची, पुन्हा लिहायची. मी कधी विचारलं नाही. तिच्याकडे लिहिण्यासारखं काही असेल, हेच मला मान्य नव्हतं.

पहिला महिनाभर मी तिच्या कामाला बऱ्यापैकी म्हणालो. मग एके दुपारी तिने होडी आणली. कुठल्याशा हळदीसाठी केलेली, सव्वा मिनिटाची फाइल. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी, भरतीचं पाणी येतं, होडी आधी एका बाजूला कलते, जराशी कुरकुरते आणि मग सुटून पाण्यावर बसते. बस, एवढंच. पण ती सुटायच्या आधी क्षणभर थांबते ना, ते थांबणं मी शंभर जन्मांत काढलं नसतं. मी चहा हातात घेऊन उभा होतो, तो तसाच गार झाला. आणि मी तिला काय म्हणालो, तर “पाण्याचा रंग जरा भडक झालाय.”

तिने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, “हो दादा, झालाय.” आणि खरंच कमी केला. त्यानंतर ती होडी आणखी सुंदर दिसायला लागली.

ती होडी उरणपर्यंत फोनाफोनी फिरली. कोपऱ्यात ‘विश्वजीत आर्ट्स’. लोकांचे मेसेज यायला लागले, ‘साहेब, काय काम केलंय’. मी अंगठा पाठवायचो. एकालाही सांगितलं नाही की काम माझं नाही. प्रत्येक अंगठ्याबरोबर मी तिच्यावर आणखी थोडा जळायचो, जणू तिनेच मला फसवलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तिने स्टुलावरून विचारलं, “दादा, मी आता कार्ड घेणार आहे. तीस हजारांच्या आत. दोन बघून ठेवलीत. एक नवं आलंय, आठ जीबीचं, फास्ट आहे. दुसरं मागच्या पिढीचं, जरा हळू, पण बारा जीबीचं. तुम्ही काय घ्याल?”

कार्ड घेतलं की पेन ड्राइव्ह बंद. पेन ड्राइव्ह बंद की कोपरा तिचा. हे माझ्या डोक्यात येण्याआधी माझं तोंड उघडलं होतं.

“नवंच घे,” मी म्हणालो. “जुन्या पिढीचं कशाला? लोक हसतील.”

मी कच्चा नाही. मला ठाऊक होतं की होडीसारखी फाइल, त्यातलं पाणी, फेस, ओली वाळू, हे सगळं कार्डाच्या मेमरीत एकदम मावावं लागतं. आठात ते मावणार नाही. कार्ड कितीही फास्ट असो, फाइल मध्येच बंद पडणार. म्हणजे छोटी कामं ती घरी करेल आणि मोठं, नाव होण्यासारखं काम आलं की पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा माझ्याच दारात येईल. इतका पद्धतशीर विचार मी स्वतःच्या धंद्याचाही कधी केला नव्हता.

ती “बरं दादा” म्हणाली.

त्यानंतर आठवड्याने दुकानात कमळाकर नाखवा आले. उरणजवळच्या करंजाचे, दोन ट्रॉलरचे मालक, खुर्चीत मावणार नाहीत असा माणूस. मुलाची, हितेशची हळद होती. त्यांनी फोन पुढे केला. त्यावर होडी.

“ही होरी तुमीच सोरली ना पान्यान?” ते म्हणाले. “माज्या बापाची अशीच होती. ती थांबते बगा, जायच्या आधी. माज्या आयेला दावली त रडाया लागली. माज्या हितेशच्या हळदीला मांडवान मोठी टीवीची भिंत लावताव. तिच्यावर माज्या बापाची होरी पायजे. नाव सकट.”

“होऊन जाईल, नाखवा,” मी म्हणालो. ‘तुमीच ना’ या प्रश्नाला मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांनी बापाच्या होडीचा एक जुना, कडा झिजलेला फोटो दिला. मी तो खिशात ठेवला आणि प्रांजलची वाट बघू लागलो. ती आली की काम तिच्याकडून करून घ्यायचं, कोपरा आपला. भिंतीएवढ्या पडद्यावर, अख्ख्या करंजासमोर, माझं नाव.

प्रांजल आली नाही. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. आठवालं कार्ड घेऊन ती कुठे अडलीय, फाइल कितीदा बंद पडतेय, याची चित्रं मी मनात रंगवत होतो आणि मला बरं वाटत होतं. शेवटी हळद तीन आठवड्यांवर आली, तेव्हा एका रविवारी सकाळी मीच कोळीवाड्यात गेलो.

हौसाबाई दारातच जाळीवर सोडे वाळत घालत होत्या. “या आर्टवाले,” म्हणाल्या. “पोरगी आत हाय. मशीन चालू हाय तिची.”

आत टेबलावर प्रांजलचा तो जुना कॉम्प्युटर, एका बाजूचा पत्रा काढलेला, समोर टेबलफॅन. आत एक आखूड, दोन पंख्यांचं कार्ड. दिवा एकही नाही. स्क्रीनवर होडी सुटत होती.

“आठचं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

“बाराचं, दादा. तुमचं ऐकलं नाही मी. रागावू नका.” ती उत्साहाने उठली. “आधी त्याच्या मापाचा पुठ्ठा कापून पेटीत बसवून बघितला. बारातलंच तीन पंख्यांचं मावत नव्हतं, म्हणून हे दोन पंख्यांचं. मग आई आणि मी मुंबईला जाऊन आणलं. आईने दुकानदाराला खोका फोडायला लावला. म्हणाली, मावरा घेताना कल्लं बगतो ना आपुन, मंग ह्या पन खोलून दाव.”

“पण बाराचं का?” मी सोडेना. “तुला कसं कळलं?”

तिने ती शंभर पानी वही काढली. मी दीड वर्ष तुच्छतेने बघितलेली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, फाइल, मेमरी किती भरली, मिनिटं किती लागली. माझ्या दुकानातलं प्रत्येक रेंडर त्यात होतं. गणपती, तीन जीबी. एकवीरा, पाच. होडी, दहाच्या वर.

“तुमचं कार्ड मोठं ना, दादा, म्हणून त्यात काम किती पसरतं ते खरं दिसायचं,” ती म्हणाली. “आठात होडी बसली नसती. बारात बसते. तुमच्या मशीनवर नऊ मिनिटं लागायची, इथे बावीस लागतात. पण लागू देत. घरचंच आहे.”

म्हणजे मी तिला नुसतं मशीन दिलं नव्हतं, तर तिचं कार्डही निवडून दिलं होतं, तेही जीव तोडून चुकीचा सल्ला देत असताना. मला हसू यायला हवं होतं. पण अंगाचा तिळपापड झाला.

मग मला शेवटचा रकाना दिसला. वर लिहिलं होतं, ‘नाव’. खाली, पानामागून पान, प्रत्येक ओळीत तिच्या त्या गोलसर अक्षरात एकच: वि. आर्ट्स, वि. आर्ट्स, वि. आर्ट्स. होडीसमोरसुद्धा. सगळ्यात खाली त्या सकाळची ओळ होती. तारीख, होडी, मेमरी, बावीस मिनिटं. नावाचा रकाना कोरा.

“इथे काय लिहू, दादा?” तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो, नियम सांगितला असता, खिशातला फोटो पुढे करून म्हटलं असतं, काम मी आणलंय. पण ती खरंच विचारत होती. आपलं नाव टाकण्यापूर्वी मला विचारायला हवं, असं दीड वर्षात मीच तिला शिकवलं होतं. मला तिची नाही, माझीच इतकी लाज वाटली की मी तिच्या हातातलं पेन ओढूनच घेतलं.

तरी जळणं गेलं नव्हतं. मनात म्हटलं, लिहितोच आहेस तर निदान गिचमिड लिही. मी प्रयत्न केला. ‘प्रां’चा काना तिरका ओढायला गेलो, तो सरळ आला. ‘ज’ला हात आपोआप फिरला, ‘ल’ची गाठ जिथे बसायला हवी तिथेच बसली. पाच वर्षांचं शिक्षण आणि अठरा वर्षांचा हात, दोघांनी माझं ऐकलं नाही. ‘प्रांजल कोळी’. आयुष्यात इतकं चांगलं मी स्वतःचं नावही लिहिलेलं नाही.

मग खिशातला फोटो काढून टेबलावर ठेवला. “करंजाचे कमळाकर नाखवा,” मी म्हणालो. “हा त्यांचा नंबर. ती होडी माझी नव्हती, हे त्यांना मी आजच फोन करून सांगतो.” आणि बाहेर येऊन, हौसाबाईंच्या सोड्यांशेजारी उभा राहून, खरंच सांगितलं. नाखव्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मना वाटलाच व्हता. होरीन बसल्याबिगर नाय जमत ह्या.”

हळदीला त्या भिंतीवर त्यांच्या बापाची होडी सुटली तेव्हा मी मांडवात होतो. नाखव्यांची म्हातारी आई उठून उभी राहिली. सगळा मांडव होडी बघत होता, मी सवयीने कोपरा बघितला. तिथे ‘प्रांजल कोळी’ होतं, पण कॉम्प्युटरच्या अक्षरात नाही. तिने वहीतल्या त्या नावाचा फोटो काढून जसंच्या तसं वापरलं होतं. मला विचारलंही नव्हतं. आता ती विचारत नाही.

तेव्हापासून तेच चाललंय. उरणपर्यंत कुणाच्याही फोनवर हलणारं आमंत्रण आलं की कोपऱ्यात तिचं नाव असतं, माझ्या हातचं. आज सकाळी आणखी एक आलं. मी ते मोठं करून बघितलं, काम नेहमीसारखंच सरस होतं आणि मी जळलो. पण त्या अक्षरात चूक काढायला मला कुठे जागाच सापडली नाही.