हौदातले दगड

अन्याय झाला तो मधमाश्यांवर. यंदाच्या धुळवडीला, सकाळी, ऊन टेकडीवरून खाली उतरायच्या आत. अन्याय करणारा इसम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात खराटा घेऊन पाण्याच्या हौदात उभा होता आणि वरून मजेत शीळ घालत होता.

माझा हात पत्रकं लिहून घडलाय. कॉलेजात असताना मेहकरच्या स्टँडवर आम्ही मुलींच्या सकाळच्या एसटीसाठी पत्रकं वाटायचो. लोक पत्रक हातात घेतात आणि चार पावलांवर फेकतात, म्हणून त्या चार पावलांत जे सांगायचं ते सांगून टाकायचं, ही सवय तिथली. गाडी सुरू झाली. सवय राहिली.

तर मी राहत होते बुलढाण्याच्या बाजूच्या एका अभयारण्यात, स्वयंसेवक म्हणून. काम काय, तर गेटवर आलेल्यांच्या पिशव्यांतलं प्लास्टिक काढून घ्यायचं, गाडीतून मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांशी भांडायचं (हे मला कुणी सांगितलं नव्हतं), आणि पाणवठ्यावर कोण कोण येतं ते बघायचं. नाक्याजवळ दोन खोल्या. एकीत मी. दुसरीत तिथले वनमजूर आणि त्यांची बायको. त्यांना मी मामा-मावशी म्हणायचे. मावशी दर आठवड्याला जीपनं धाड गावच्या बाजाराला जाऊन भाजी आणायच्या आणि माझ्या जेवणाची काळजी माझ्या आईपेक्षा जास्त करायच्या. मामांच्या ताब्यात दोन हौद. वरचा नाक्यामागे, खालचा नाल्याकाठी. मामांचा जीव त्या हौदांत होता.

आता एक गैरसमज आधी निकालात काढते. पुण्यामुंबईचे लोक म्हणतात, तुमच्याकडे कसला वसंत, थंडी गेली की थेट उन्हाळा. साफ खोटं. त्यांनी मार्चमध्ये आमच्याकडे येऊन पळसाखाली उभं राहावं. पानं एकही नाही, झाड पेटल्यासारखं, आणि वर भोरड्यांचा असा कलकलाट की लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटतं. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची मैना. पळसाचा रस पिऊन तिची चोच आणि कपाळ पिवळ्या परागानं माखतं, आणि त्या अवतारात ती शेजारणीशी भांडत राहते. शिंजीर एवढासा, अंगठ्याएवढा, उन्हात जांभळा चमकतो आणि फुलाला उलटा लटकतो. तांबट दिवसभर टुक टुक टुक करत बसतो. एखादा तांब्या ठोकून व्हावा इतका वेळ, पण तांब्या काही होत नाही. सावरीच्या लाल फुलांत बुलबुल डोकं खुपसून बसलेले. माझ्या खोलीच्या दाराच्या चौकटीत एका काळ्या भुंग्यानं भोक पाडलं होतं आणि रोज सकाळी माझ्या डोक्यावर लाकडाचा भुसा पाडून तो कामाला निघायचा. माझ्या बुटात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं. मी तो बूट तसाच ठेवला आणि चप्पल घालून फिरले. मावशी म्हणाल्या, "बूट कोणाचा अन् मालकीण कोण!"

हा सगळा थाट पाण्यावर चालतो, आणि घोळ पाण्यातच होता.

आमचे हौद सिमेंटचे, चौकोनी, आतून सरळ भिंतीचे. नीलगाय येते, मान घालते, पिऊन जाते. अस्वल येतं, तेही पितं. पण मधमाशी मान घालत नाही. तिला पाण्याशेजारी पाय टेकायला कोरडी जागा लागते. मार्चच्या उन्हात पोळं थंड ठेवायला माश्या फेऱ्या मारून पाणी नेतात, आणि हौदात पाय टेकायला काय, तर गुळगुळीत ओलं सिमेंट. त्या घसरतात, पंख भिजतात, संपलं. संध्याकाळी हौदात पाहिलं की पाण्यावर माश्यांचा थर. एकदा त्यात चष्मेवालाही तरंगत होता. डोळ्याभोवती पांढरी कडी असलेला चिमुकला हिरवट पक्षी. दुपारी पाणी खाली गेलेलं, तो काठावरून वाकला असणार. जंगली प्राण्यांची तहान भागवायला बांधलेल्या हौदात जंगली जीव बुडून मरतात, आणि आपण गेटवर "स्वागत आहे" लिहितो!

उपाय अवघड नव्हता. नाल्यातले खडबडीत दगड उचलून आणले आणि वरच्या हौदाच्या एका कोपऱ्यात रचले, पाण्यातून डोकं वर राहील असे. मामा दुपारच्या गस्तीला गेले होते. तासाभरात पहिल्या माश्या आल्या. ओल्या दगडाच्या कडेला ओळीनं बसल्या, पंगतीला बसावं तशा. मग एक नाचण शेपटीचा पंखा उघडत आली. मग दोन सुभग, चिमणीहून लहान, पिवळे. मी झाडाआड बसून एकटीच हसत होते.

तेवढ्यात वेडा राघू आला. हिरवा, ऐटदार, शेपटीत एक लांब काडी. तारेवर बसला, खाली झेप घेतली, दगडावरची माशी उचलली, परत तारेवर जाऊन आपटली आणि गिळली. मी ज्यांच्यासाठी दगड वाहिले त्यांना हा माझ्या देखत खात होता! मी हात हलवून "हाड हाड" केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी उचलली. रागावून सांगितलं तर मावशी हसून हसून खाली बसल्या. "अवं, तू त्याच्यासाठी ताट मांडलं, अन् आता जेवू नको म्हणतं?" ठीक आहे. खाणं वेगळं आणि बुडवून मारणं वेगळं, असं मी मनाशी ठरवलं आणि अजूनही त्यावर ठाम आहे.

दुसऱ्या दिवशी दगड हौदातून गायब, काठावर रचलेले.

मी पुन्हा टाकले. पुन्हा गायब. माझा संशय माकडांवर. मग वाटलं, माकडं दगड काढून काठावर रचून ठेवणार नाहीत. हे माणसाचं काम, नक्कीच कुणा टवाळ पर्यटकाचं. मग मी जे येतं ते केलं. मोठ्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, "हौदाशी छेडछाड करणाऱ्यांचा जाहीर निषेध!" आणि नाक्याच्या दारावर चिकटवलं. मामांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं.

"हे बराबर लिह्यलं तुनं," ते म्हणाले. "लोकाईले लाज नाई राह्यली."

मला किती बरं वाटलं. मावशी मात्र पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

होळीला गावातून पुरणपोळी आली. दुसऱ्या दिवशी धुळवड, गेट बंद. मी रोज पहाटे पक्षी बघायला टेकडीकडे जाते, त्या दिवशी आळस केला आणि उठून हौदाकडे गेले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मामा हौदात. खराटा. शीळ. माझे दगड एक एक करून बाहेर काठावर.

"मामा! काय करताय?"

"हौद धुऊन राह्यलो. दिसत नाई का?"

"अन् ते दगड?"

"हाव ना, पाह्य कसे पोट्टे असतेत. रोज फेकतेत मेले. तू त्याईच्यासाठीच तं कागद लावला."

"ते दगड मी टाकते!"

खराटा थांबला. "तू?"

"मी!"

"कायले वं? पागल झाली का?"

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की बोलता बोलता मी सलवार वर करून हौदात उतरले आणि एक दगड छातीशी धरून उभी राहिले. माश्या मरतात, त्या मेल्या तर पळसाला शेंग धरणार नाही, आंब्याला फळ धरणार नाही, असं सगळं मी एका दमात ऐकवलं.

"माशीच हाये ते," मामा म्हणाले. "एक मेली तं दुसरी येईन."

"माणसाबद्दल असं म्हणाल का?"

"माणसं हौद तपासाले येतेत. माश्या येत नाईत."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. पुढच्या आठवड्यात साहेबांची तपासणी होती. मागच्या वर्षी हौदात चार पानं दिसली म्हणून साहेब म्हणाले होते, मामा, आता तुम्हाला हे झेपत नसेल तर रोपवाटिकेत पाठवतो. "मले नाई जाचं रोपवाटिकेत," मामा म्हणाले. "या जंगलात माह्या डोक्याचे केस पिकले. आता काय पिशव्याईत माती भरत बसू? साहेबानं हौदात दगडं पाह्यले तं मी गेलो समज."

आता बोला. एका बाजूला माश्या बुडतायत. दुसऱ्या बाजूला चार पानांसाठी एका माणसाला त्याच्या जंगलातून उचलायची धमकी. माझा संताप दोन्हीकडे सारखाच पेटला होता, आणि पाण्यात उभं राहून पायही गार पडले होते.

निवाडा मावशींनी केला. हातात तव्यावर गरम केलेल्या पोळ्या घेऊन त्या काठावर आल्या. "दोघं बी निघा आधी बाहेर. जनावरं पाणी पेतेत त्यात, अन् तुम्ही पाय धुऊन राह्यले." मग म्हणाल्या, वरचा हौद पोरीचा, खालचा तुमचा. साहेब येईपर्यंत. ज्या दिवशी साहेब येतील त्या सकाळी पोरीनं गुपचूप दगड काढायचे.

मी कबूल केलं. मनातून नाही, पण केलं.

तो आठवडा मजेत गेला. वरच्या हौदावर जत्रा भरायची. पिवळाधमक हळद्या यायचा, इकडे तिकडे बघून घाईघाईत पिऊन पळायचा, उधारी असल्यासारखा. चतुर किडे दगडावर बसून जागेवरून हलायला तयार नसत. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या, आणि सावरीवरच्या आग्या मोहोळाच्या मोठ्या माश्या, सगळ्या एकाच दगडावर. मामा रोज पहाटे दोन्ही हौद झाडत होते. माझ्या हौदाकडे बघून नाक मुरडत होते. त्यानंतर त्यांचं नाक मुरडणं थांबलं, आणि मला वाटलं, दमले असतील.

तपासणीच्या सकाळी मी बाह्या सरसावून वरच्या हौदावर गेले. शब्द दिला होता. पहिल्या दगडाला हात घातला तर मागून मामा, इस्त्रीचा गणवेश घालून.

"राहू दे."

"काऊन?"

"राहू दे म्हणतो ना."

जीप आली. साहेब उतरले, हौदापाशी गेले, आणि कपाळाला आठी. "हे दगड कुणी टाकले?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे पंधरा मुद्दे तयार होते. मामा माझ्या आधी बोलले.

"म्या टाकले, साहेब."

"मामा, मागच्या वर्षी मी काय बोललो होतो?"

"आठवते, साहेब. जरा खालच्या हौदावर चाला."

आम्ही सगळे खाली गेलो. नाल्याकाठच्या हौदात मी डोकावले. पाण्यावर मेलेल्या माश्यांचा थर, एक फुलपाखरू पंख पसरून, कडेला हिरवट फेस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तेही तपासणीच्या दिवशी, मामांनी हौद झाडला नव्हता.

"मुद्दाम नाई झाडला," मामा म्हणाले. "साहेब, रोज सकाळी मी हाच गाळ काढतो. मले वाटे, हवेनं येते. वरच्या हौदात दगडं हाये तं आठ दिसात एक माशी काढली नाई. दगडानं पाणी घाण होत नाई. दगड नसले का होते."

साहेब काठाशी गेले. वाकून त्यांनी काडीनं एक माशी बाहेर काढली. ती जिवंत होती, काडीवर पाय झटकत बसली. साहेबांनी ती उन्हात धरली. मग एकदम मामांवर ओरडले.

"मग इथं दगड का नाहीत? इतके दिवस काय करत होता?"

"आत्ता टाकतो, साहेब!"

मामांवरचा हा अन्याय मी आनंदानं सहन केला. रोपवाटिकेचा विषय परत निघाला नाही. जीप वळली तशी मावशींनी पदरात तोंड लपवून हसायला सुरुवात केली आणि आम्ही दोघं नाल्यात उतरलो. मामांनी निवडलेले दगड माझ्या दगडांपेक्षा चपटे होते, मी निवडलेले जास्त खडबडीत, त्यावरून आमचं दुपारपर्यंत भांडण चाललं. पंधरा मुद्द्यांत "झाडायचं काम वाचतं" हा मुद्दा मी लिहिलाच नव्हता, याचा मात्र मला अजून राग येतो.

आमचे दोन हौद झाले. आता तुमच्याबद्दल. उन्हाळा लागला की तुम्ही गच्चीवर, गॅलरीत, अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवता. त्याचा फोटो काढता, चार ओळी लिहिता, शाबासकी घेता. ते भांडं कशाचं आहे? स्टीलचं? प्लास्टिकचा टब? काठ सरळ आणि गुळगुळीत? मग तुम्ही पाणी नाही, सापळा मांडलाय. हे वाचणं इथंच थांबवा. उठा, बाहेर जा, एक खडबडीत दगड शोधा आणि पाण्याच्या वर राहील असा त्या भांड्यात ठेवा. उद्या नाही. आत्ता.