मालनची पिवळी मेथी

अगं नातसूनबाई, अशी जवळ ये, अन् आधी बोलणी खा. परवा आलीस ती दार लोटलं जाऊ नये म्हणून ते जाड पोलादी भांडं उंबऱ्याशी लावून गेलीस! नवीन आहेस म्हणून सोडते. ते मालनचं भांडं आहे.

मालन माझी धाकटी जाऊ. माहेर बिलोलीकडचं, लातूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. रस्त्यात दिसेल ती काडी उचलायची, मोडायची, हुंगायची. मी म्हणायचे, "अगं, लोक बघून राहिलेत!" तर म्हणायची, "बघू द्या अक्का. त्यांना बी वास घेऊ द्या."

कॉलेजात त्या भांड्यात ती तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तुकडे पाण्यासकट घालायची, झाकणाचे बोल्ट आवळायची अन् आपल्या कुकरपेक्षा कितीतरी जास्त तापवायची. मी विचारलं, "पाणी उडून नाही जात?"

"जाईल कुठं? कोंडलंय न्हवं! मग ते लाकडात शिरतं, त्याची वीण उसवतं. गोडसर भाग आधी सुटतो. ताठ भाग शेवटपर्यंत भांडतो, आपल्या दादांसारखा. अन् गंमत बघा अक्का, पाण्यात बुडालेलं लाकूड सोताचं पाणी सोडून काळं पडतं."

त्या काळ्या भुग्याला हायड्रोचार म्हणतात. झाकण निघालं की जळक्या गुळाचा वास सुटायचा. बांधावर पेटवून देतात त्या तुराट्या अशा मातीत परत घालायच्या, हा तिचा ध्यास.

दादा म्हणजे तुझे आजेसासरे, माझे मालक, पण साऱ्या घराचे दादा. औशाजवळच्या रानात त्यांनी तिला विहिरीकडचा मेथीचा वाफा दिला, पण बजावून: "ही येळवसची मेथी हाय. बिघडली तर पुन्हा माझ्या रानात प्रयोग न्हाई."

तुझ्या माहेरी येळवस नसते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही सगळे रानात जेवतो, हिरव्या दाण्यांची अन् पालेभाज्यांची भज्जी अन् ज्वारीची आंबील. भज्जीत मेथी हवीच. मालननं ताजा हायड्रोचार वाफ्यात मिसळला, अन् मेथी उगवली विरळ, पिवळी. शेवटी बाजारातून आणावी लागली. भर पंगतीत एका दिरानं टोमणा मारलाच, "काय प्रोफेसरबाई, मेथीला कावीळ झाली का?"

मी कानात सांगितलं, "बियाणं जुनं होतं म्हण." तिनं ऐकलं नाही. वाफ्यातली चार रोपं उपटून आणली अन् उभी राहिली.

"बियाणं चांगलं हाय. चूक माझी हाय. त्या भुग्यात आंबट अर्क मुरलेला होता, तो धुवायचा राहिला. त्यानं कोवळी मुळं करपली. दादा, तुमची मेथी मी घालवली."

आपल्या घराण्यात 'चूक माझी' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले, तेही उभ्यानं, भरल्या पंगतीत. माझी मान अशी ताठ झाली, सांगू! दादांनी आंबिलीचा घोट घेतला, मिशा पुसल्या.

"धुऊन बघ मग," म्हणाले.

तिनं धुतलं, शेणखतात मुरवलं, मगच घातलं. पुढच्या येळवसला मेथी हिरवीगार. मी मिरवायला लागले, तर मलाच दटावलं, "अक्का, 'बरी' म्हणा, 'भारी' म्हणू नका. अजून बघून राहिलेय मी."

कॉलेजानं ते भांडं मोडीत काढलं, तेव्हा तिनं लेकरासारखं घरी आणलं. गेल्या पावसाळ्यात ती गेली.

भांडं मी घासून देवाजवळ ठेवलंय. वाफा यंदा माझ्या हातानं पेरलाय, तिनं मुरवलेलं शेवटचं खत घालून. येळवसला ये गं. मेथी पिवळी निघाली तर तसंच सांग, पंगतीत उभी राहून. पण लवकर ये, आधी वाफा दोघी मिळून बघू.