हिमालयकर

हिमालयकरांच्या खोलीत गेलं की बसायच्या आधी वाकावं लागे. खिडकीखाली एक खोका, खोक्यावर चार पायांचं, दोन भिंगांचं एक यंत्र, आणि त्याखाली शेजारीशेजारी ठेवलेले दोन काळेपांढरे फोटो. भिंगांना डोळे लावायचे, गप्प उभं राहायचं आणि मग काय दिसलं ते हिमालयकरांना सांगायचं. सांगितल्याशिवाय चहा नाही. नुसतं ‘दिसला डोंगर’ म्हणून सुटका नसे. कसा दिसला, उजवीकडचा कडा कसा आहे, बर्फ कुठं चमकतो, कुठं मळका वाटतो, सगळं खोदखोदून विचारत. शाळेत मास्तर मी पुष्कळ पाहिले, पण इतकं बारीक उत्तर मागणारा एकही पाहिला नाही.

आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली. ज्या गावात पणजोबांचा तेलाचा घाणा फिरला ते गाव नावाला चिकटलं, मग पुढच्या पिढ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असो वा नसो. या गृहस्थांचं खरं आडनावही तसलंच काहीतरी होतं, पण माबारात ते कुणी उच्चारलं नाही. माबारा म्हणजे इस्राएल देशात नव्यानं आलेल्यांची पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. आमची बीरशेवाच्या वाटेवर होती. मी नुकतंच लग्न होऊन, सासूबाईंसकट तिथं येऊन पडले होते. सासूबाईंनी पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचं ‘हिमालयकर’ असं बारसं केलं. ज्याच्या घरात जे गाव तो त्या गावचा, असा त्यांचा हिशेब. नाव असं बसलं की काम वाटणाऱ्या कचेरीतला रुमानियाचा कारकूनसुद्धा अडखळत अडखळत ‘इमालेकर’ म्हणून हाक मारी.

लढाईच्या काळात हिमालयकर इंग्रजांच्या विमानदलात होते. विमान चालवायला नव्हे, फोटो काढायला. विमानाच्या पोटाला भोक, भोकात कॅमेरा, आणि कॅमेऱ्याशेजारी पालथे पडलेले हे, तोंडाला प्राणवायूची नळी लावून. आसामातून उडत आणि बर्फाच्या डोंगरांवरून जात. “सगळं जग हिमालयाकडे मान वर करून बघतं,” ते म्हणायचे. “मी मान खाली घालून पाहिला. शरम वाटते हो माणसाला. देवघरात चुकून माळ्यावरून डोकावल्यासारखं वाटतं.” लढाई संपल्यावर गोऱ्या साहेबानं खूश होऊन ते यंत्र आणि फोटोंची एक जोडी त्यांना बक्षीस दिली. त्या डोंगराचं नाव काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, त्याला नाव ठेवायला अजून तिथं कुणी गेलेलंच नाही.

मी माझगावात वाढलेली. डोंगर म्हणजे मला मलबार हिल. पहिल्यांदा वाकले ती मनात ठरवून, की लगेच ‘वा वा’ म्हणायचं आणि चहा पदरात पाडून घ्यायचा. खाली बघते तो राख सांडल्यासारखे दोन करडे कागद. यात काय मेलं बघायचं, असं तोंडावर आलं होतं. मागून हिमालयकर म्हणाले, “घाई करू नका, सूनबाई. डोंगर आपणहून येतो.”

आणि तो आला. दोन कागद एकमेकांत सरकले, मध्ये जागा खोल खोल गेली, आणि त्या खोलातून एक सुळका निघून सरळ माझ्या नाकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, आणि मध्ये तळ न दिसणाऱ्या दऱ्या. सगळीकडे पांढरं. आवाज नाही, माणूस नाही, झाड नाही. मी हात पुढे केला, कड्याला लावायला, आणि बोटं सपाट कागदाला टेकली तेव्हा दचकले. बाहेर वाळवंटाचा गरम वारा सुटलेला, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि माझ्या अंगावर काटा. खोटं नाही सांगत, मला थंडी वाजली. माझ्यानंतर सासूबाई वाकल्या. मग दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे देववचनाच्या डबीला, लावतात तशी बोटं त्यांनी कागदाला लावली आणि ओठांना नेली. देवाच्या हातचं काही दिसलं की आमच्या बायका अशीच बोटं ओठांना नेतात.

पुढं तर गर्दीच होऊ लागली. उन्हाळ्यात लोक फुकटचा गारवा घ्यायला येत. मोरोक्कोचा न्हावी आला आणि हा आमच्याकडचाच डोंगर, म्हणून भांडायला उठला. हिमालयकरांनी त्याला खोडून काढलं नाही, उलट त्याच्या डोंगराची सगळी माहिती विचारून घेतली. एक कुर्दी म्हातारी आली होती. तिची भाषा आम्हाला कुणालाच येत नव्हती. ती वाकली, बघितलं, आणि दोन्ही हात काखेत घालून तिथंच जमिनीवर बसली. बसून रडली. हिमालयकर तिच्याशेजारी बसून राहिले. तिला मात्र काय दिसलं म्हणून त्यांनी विचारलं नाही.

या सगळ्या कौतुकात एक माणूस कधीच वाकलं नाही, ती त्यांची बायको, दीनामावशी. तिला त्या यंत्राचा मनस्वी राग. मुंबईहून निघताना विमानात सामानाला वजनाची मर्यादा होती. तांब्याची परात न्यायची की हा खोका, असा प्रश्न आला आणि हिमालयकरांनी खोका उचलला. परात साधी नव्हती. तिच्या सासूच्या वेळेपासून तीत आमच्या एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नवसाचा मलिदा कालवला जाई. गोड पोहे, खोबरं, वर फळं. मावशी येईल-जाईल त्याला ऐकवायची, “माझ्या सासूची परात भंगारात गेली आणि यांचा डोंगर विमानात बसून आला.” मलिदा आता पत्र्याच्या घमेल्यात होई आणि घमेलं घासताना ती ते मुद्दाम जोरात आपटी.

हिमालयकर हे सगळं हसून घेत. माणूस तसा धांदरट. चहा ओतायला घेतला की निम्मा बशीत, कधी थेट खोक्यावर. दारातून जाताना मेझुझाला हात लावायचे तर बोटं वीतभर बाजूला भिंतीवर. आम्ही बायका चेष्टा करायचो, की काका अजून विमानातच आहेत, जमिनीचा अंदाज येत नाही. तेही मान डोलावत. एक मात्र होतं. ते स्वतः कधी त्या भिंगांतून बघत नसत. आम्हाला वाटे, घरची बाई पाहुण्यांना वाढून मग जेवते, तसं हे असेल.

त्यांचा जीव कशात अडकला होता ते सगळ्या माबाराला ठाऊक होतं. सरकारनं त्यांना रस्त्यासाठी खडी फोडायला लावलं होतं. पण तेल अविवला नकाशे करणारी एक कचेरी होती, तिथं विमानातून काढलेले असेच फोटो असेच भिंगांखाली बघून डोंगरांची उंची काढत. त्या कामासाठी त्यांनी अर्ज केला होता. ते मिळालं तर दगड सुटणार होते, शहरात पक्की खोली मिळणार होती. पण त्यांना मुख्य हवं होतं ते भिंगांखालचं काम. बोलावणं यायला फार दिवस लागले. आलं तेव्हा दीनामावशीनं मला सोबत धाडलं, कारण तोवर माझी हिब्रू चुरूचुरू चालत होती आणि त्यांची चार शब्दांवर अडायची.

कचेरीत एक तरुण साहेब होता, बोलायला चांगला. त्यानं मोठ्या यंत्राखाली फोटो ठेवले आणि विचारलं, या दोन टेकड्यांपैकी उंच कोणती. मला हसू आलं. म्हटलं, हा कुणाची परीक्षा घेतोय याला पत्ता नाही. हिमालयकर वाकले. वाकून राहिले. त्यांच्या कानामागून घाम ओघळू लागला. शेवटी म्हणाले, डावी. साहेबानं दुसरी जोडी ठेवली. म्हणाले, उजवी. साहेबानं तिसरी ठेवली नाही. हळू आवाजात म्हणाला, की माफ करा, हे काम तुम्हाला जमणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचला आणि त्याला फैलावर घेतलं. आम्ही रंगानं काळे म्हणून ना, हिमालय पाहिलेल्या माणसाला तुझ्या टेकड्या दाखवतोस, असं जे तोंडाला आलं ते हिब्रूत, नाही आलं ते मराठीत. हिमालयकरांनी माझा दंड धरला.

“रेबा, गप्प बस. साहेब खरं तेच बोलतोय. मला डोंगर दिसत नाही.”

परतीच्या बसमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. आम्ही माबारात यायच्या आधीच्या हिवाळ्यात खडी फोडताना एक कपची उडून डाव्या डोळ्यात गेली होती. डोळा बाहेरून शाबूत राहिला, आतला उजेड गेला. आणि डोंगर उभा राहायला दोन डोळे लागतात. विमान जरासं पुढं गेलं की दुसरा फोटो, म्हणजे एक फोटो डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. दोन्ही एकदम दिसले तरच त्यांचा एक डोंगर होतो. एका डोळ्याला नुसता करडा कागद. मला एकदम तो चहा आठवला, मेझुझाशेजारची ती भिंत आठवली, आणि आम्ही दात काढून हसत होतो ते आठवलं. मी विचारलं, मग काका, तुम्ही आलात तरी कशाला? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वाटलं, इथलं यंत्र मोठं आहे. येईल कदाचित.” मी भर बसमध्ये रडले. ते मला समजावत होते. दीनाला सांगू नकोस, म्हणाले. तिनं त्याच्यापायी परात सोडलीय.

त्यानंतर दर शब्बाथला, शनिवारच्या सुट्टीला, दुपारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आता मी बघून सांगायला शिकले. घाई न करता, एकेक कडा, एकेक दरी. ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, त्या सुळक्याच्या पायथ्याची सावली बघ, ती निळी आहे. मी म्हणे, काका, काळ्यापांढऱ्या फोटोत निळं कुठून आणू? तर म्हणायचे, मी होतो ना तिथं, निळीच होती. पुढंपुढं मलाही ती निळी दिसू लागली. बर्फावरचं ऊन सकाळचं आहे की दुपारचं ते मला कळू लागलं. तो डोंगर मी शेकडो वेळा पाहिला असेन, पण तो वर येताना छातीत धस्स व्हायचं ते कधी थांबलं नाही.

माबारा मोडली, आम्हाला किर्यात गात गावात सिमेंटच्या दोन दोन खोल्या मिळाल्या. तिथंही शेजार सुटला नाही. मग ह्यांना अश्दोदला बांधकामावर नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मावशीनं आमच्यासाठी मलिदा करायला घेतला. ती घमेल्यापाशी नारळ खवत होती आणि मी खिडकीशी वाकून काकांना शेवटचा डोंगर सांगत होते. सांगून झालं. सवयीनं ते म्हणाले, “पुढच्या शब्बाथला तो उजवीकडचा कडा...” आणि थांबले.

मावशी उठली. हात पदराला पुसत आली आणि मला म्हणाली, “सरक गं.”

काका गडबडले. तू कशाला, तुला आवडत नाही, राहू दे, असं काहीबाही म्हणू लागले.

“मला काय आंधळी समजता?” मावशी म्हणाली. “तुमचा चहा कपाबाहेर सांडायला लागला तेव्हापासून मला ठाऊक आहे. तुम्ही आपल्या तोंडानं सांगाल म्हणून थांबले होते.”

आणि ती वाकली. “घाई करू नकोस,” काका म्हणाले. मावशीनं खोक्याची कड घट्ट धरली तेव्हा मला कळलं, डोंगर आला. ती म्हणाली, “अगंबाई. केवढा हो हा. आणि मी याच्यावर परातीसाठी रुसले होते.” मग सांगू लागली. आमच्यासारखं वरून खाली नाही. तिनं खालून सुरुवात केली, सुपात तांदूळ घेऊन बसल्यागत, कोपऱ्याकोपऱ्यानं. खवलेल्या नारळासारखा बर्फ, म्हणाली. इथं दाट, इथं विरळ. आणि मध्येच थबकली.

“इथं खडा आहे एक.”

“कुठं?”

“खाली, कडेला, बर्फावर. तांदळाएवढा. खडा नव्हे हो. याला पंख आहेत.”

मी इतक्या वर्षांत तो पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. काका खाटेवर बसले.

“सावली आहे ती,” म्हणाले. “आमच्या विमानाची.”

“म्हणजे यात तुम्ही आहात?”

“आहे. तेवढी एक खूण मला एका डोळ्यानंही दिसते. कुणाला सांगितली नाही. वाटायचं, कुणीतरी आपणहून बघेल. एवढे लोक आले, सगळ्यांना डोंगर दिसला.”

मावशीनं मान वर केली नाही. त्या तांदळाएवढ्या सावलीलाच विचारावं तसं तिनं विचारलं, “वर थंडी फार होती का हो?” मग तिनं खोबऱ्याची बोटं कागदावर त्या जागी टेकवली आणि ओठांना नेली.