एका अंगाने रुसलेली होडी

पिराजीअण्णाचा संशय एकदा कुणावर बसला की तो देवालाही उठवता येत नसे. हेब्बाळच्या पलीकडे एका तळ्यावर शिडाच्या होड्यांचा क्लब आहे, तिथे तो एकोणतीस वर्षं होड्या सांभाळत होता. मूळचा निपाणीचा, राजाजीनगरात भाड्याच्या घरात म्हातारा झालेला. या खेपेला त्याच्या डोळ्यांत सलत होता मंजुनाथ, भालकीहून आलेला चाळिशीचा नवा मदतनीस.

झालं होतं असं. दसऱ्यानंतर क्लबातली सगळ्यांत वेगवान होडी एका अंगाने रुसली. वारा डावीकडून घेतला की सुसाट पळे. वळवून उजवीकडून घेतला की नको तितकी कलंडे, सुकाणू हात ओढू लागे आणि मागच्या होड्या खुशाल पुढे निघून जात. पिराजीने डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा चाचपल्या. डावी सैल. आता तार काय आपोआप सैल होते? मंजुनाथ रोज सकाळी काठीच्या बुडाशी घुटमळतो आणि आपण दिसलो की नजर चुकवतो, हे त्याने कधीच हेरून ठेवलं होतं. याला आपली जागा हवी आहे, दुसरं काय!

त्याने सेक्रेटरी पद्मनाभसाहेबांचे कान भरले. साहेबांनी मंजुनाथला रविवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो कानडीत "सरी, सर", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला. पिराजीचा संशय आणखी पक्का झाला. चोर नसता तर भांडला नसता का?

शनिवारी पुरावा शोधायला त्याने काठी काढायला घेतली. एकट्याला पेलेना, तेव्हा नाइलाजाने मंजुनाथलाच हात लावायला बोलावलं. काठी वर निघाली. बुडाच्या खोबणीत, उजव्या कडेला, चेपलेली लाल पुरचुंडी होती. आत सुपारी आणि हळकुंड. खंडेनवमीच्या आयुधपूजेला, होडीला यश यावं म्हणून, पिराजीने स्वतःच्या हाताने ठेवलेली आणि मग विसरून गेलेली. महिनाभर काठी तिच्यावर टेकून डावीकडे झुकली होती, म्हणून डावी तार सैल.

पिराजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला ठाऊक होतं?"

"नवमीच्या दुसऱ्याच दिवशी खोबणीतून लाल टोक दिसलं, अण्णा. तुम्ही देवाचं म्हणून ठेवलेलं. मी कसा हात लावू?"

"मग साहेबांना सांगायचं होतंस."

"तुमचं नाव घेऊन?"

पुरचुंडी खिशात टाकली असती तर मंजुनाथशिवाय कुणाला पत्ता लागला नसता, आणि तो काही बोलला नसता. तसं पिराजीच्या मनात आलंही. पण तो तशीच ती हातात धरून ऑफिसात गेला आणि पद्मनाभसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"रविवारपासून कुणी यायचं नाही ते आता ठरवा, साहेब," तो म्हणाला. "होडी मी बिघडवली."