मरीयेच्या बाजूने उभी राहिलेली एस्तेरमावशी

दापोड्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी आलेल्या गाड्यांची नोंद करत होते, तेव्हा सुनंदाचा फोन आला. मावशीच्या शेजारच्या खोलीत राहणारी ही बाई फोनवर नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी मात्र आवाज फुटत नव्हता. “ताई, मावशी गेली. चाय घेऊन गेलते... उठलीच न्हाय.” त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात जवळच्या सगळ्यांनी मला बजावलं, की लिहायचं तर चांगलं लिही, ते चर्चमधलं भांडण आता उकरू नकोस. मी तेच लिहिणार आहे. ते वगळलं तर माझी एस्तेरमावशी उरतच नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात तिने तीस वर्षं नर्सची नोकरी केली. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यामुळे लूमवरचे कामगारही रस्त्यात “सलाम, सिस्टर” म्हणत. रिटायर झाल्यावर तिने काल्हेरला खोली घेतली आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथ शाळा घ्यायला लागली. तिच्या गोष्टीतला मोशे अडखळत बोलायचा, पेत्र घाबरट असायचा. मुलांना ते फार आवडायचं. सुनंदाला आमच्या चर्चमध्ये तिनेच आणलं. खारबावजवळच्या पाड्यावरची ही मुलगी, नवऱ्याने टाकलेली, गोदामात पॅकिंगचं काम करणारी. शिफ्ट सुटली की सुपरवायझरच्या टेम्पोतून घरी यायची. टेम्पोत आणखी सहाजणी असायच्या, पण लोकांना दिसायची ती सुनंदाच.

ईस्टरच्या दोन आठवडे आधीची उपासना. पाळकसाहेबांनी संदेशासाठी, म्हणजे त्या दिवशीच्या प्रवचनासाठी, येशूची शिष्या मरीया मग्दालिया घेतली. ती कशी वाईट चालीची होती, प्रभूने तिला कशी क्षमा केली, हे सांगता सांगता ते म्हणाले, “अशा मग्दालिया आजही आपल्यात आहेत, टेम्पोतून उतरतात.” बाकांवरून हसू फिरलं. माना वळल्या. सुनंदा पदर तोंडाशी धरून बसली होती. आणि मावशी उभी राहिली.

“पाळकसाहेब, मग्दालिया वाईट चालीची होती, हे शास्त्रात कुठं लिहिलंय?”

संदेश चालू असताना आमच्याकडे कुणी उभं राहत नाही. मी शेजारीच होते. मी काय केलं, तर तिचा पदर ओढला आणि “मावशी, बस ना...” असं कुजबुजले. त्याची लाज मला आजही वाटते. तिने पदर सोडवून घेतला. “तिच्यातून सात भुतं निघाली, असं लिहिलंय. म्हणजे ती आजारी होती. मी तीस वर्षं आजारी बायका पाहिल्यात, आजार म्हणजे पाप नव्हे. चौदाशे वर्षांपूर्वी रोमच्या एका पोपने प्रवचनात तीन वेगळ्या बायकांची एकच बाई करून टाकली. तेव्हापासून सगळे तेच म्हणत आलेत. जी क्रुसापाशी थांबली, रिकामी कबर जिने आधी पाहिली, तिला तुम्ही बाजारात बसवलंत. आणि तिच्या नावाने या पोरीला!”

त्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीने तिला बोलावलं. मी सोबत गेले होते. सेक्रेटरी म्हणाले, “बाई, माफी मागा, विषय संपवू.” मावशी शांतपणे म्हणाली, “मरीयेची आणि सुनंदाची मागायची असेल तर चला, मीही तुमच्याबरोबर मागते.” तिची शब्बाथ शाळा काढून घेतली. तिला ते फार लागलं. घरी येऊन तिने मुलांच्या चित्रांची पिशवी कपाटात टाकली. पण पुढच्या रविवारी साडी नेसून तयार! सुनंदा म्हणत होती, “मी न्हाय येणार, लोकं बघतान.” मावशी म्हणाली, “बघू देत. पहिल्या बाकावर बसू, म्हणजे त्यांना मान वळवायचा त्रास नको.” दोघी पहिल्या बाकावर बसल्या, आणि पुढे चार वर्षं तिथेच बसत राहिल्या.

सुनंदाला वाचता येत नव्हतं. मावशीने तिला पुनरुत्थानाच्या अध्यायावरून अक्षरं शिकवली. ‘मरीया’ हा तिने लिहिलेला पहिला शब्द. पाळकसाहेबांची बदली झाली, तेव्हा जाण्याआधी ते मावशीच्या खोलीवर आले. चहा घेतला, म्हणाले, “मी नंतर वाचलं. तुमचं बरोबर होतं.” मावशीने विचारलं, “हे रविवारी सांगाल?” त्यांनी कप खाली ठेवला. “चूक चारचौघांत केलीत, साहेब. दुरुस्ती स्वयंपाकघरात कशी चालेल?” ते उठून गेले. त्यांनी सांगितलं नाही, मावशीनेही आपली मागणी सोडली नाही.

मावशीला माती दिली त्या दिवशी शास्त्रवाचन सेक्रेटरींकडे होतं. ते पुढे निघाले, तेवढ्यात सुनंदा उठून वेदीपाशी गेली. त्यांनी थांबवायला हात केला. नव्या पाळकांनी मान हलवली, “वाचू द्या.” मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती अक्षराला अक्षर जोडत, जोडाक्षरावर थांबत, घाम पुसत वाचत होती... मोठ्यांदा. अख्खं चर्च तिच्या गतीने थांबत होतं.

गेल्या रविवारी मी मावशीच्या काल्हेरच्या खोलीवर गेले. जमिनीवर नऊ मुली बसल्या होत्या, समोर सुनंदा. मग्दालिया पहाटे एकटीच कबरेकडे निघाली, इथपर्यंत गोष्ट आली होती. एका मुलीने विचारलं, “मग पेत्र नि बाकीचे शिष्य कुठं होते?”

“घरात,” सुनंदा म्हणाली. “आतून कडी लावून.”