वजन चार्जरसकट सांगा

लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस सोबत एखादा जाणकार नेतो. म्हस्के मॅडमनी मला नेलं खरं, पण माझ्यावर सगळी भिस्त न ठेवता पिशवीत तानकाटाही टाकला. वर कडी, खाली आकडा आणि मध्ये स्प्रिंग, एरवी माती-मुरमाचे नमुने तोलायचा. पैठण गेटजवळच्या दुकानात शकीलभाईंनी मोठ्या कौतुकानं एक चपटा, चंदेरी लॅपटॉप काचेवर ठेवला. मॅडमनी तो कापडी पिशवीत घातला, पिशवी आकड्याला अडकवली आणि काटा डोळ्यांसमोर धरून त्या टक लावून बघत राहिल्या. बाकीची गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून आमच्याकडं पाहत होती. मी छताच्या पंख्याचं निरीक्षण करत होतो.

"मॅडम, एकदम पतला पीस हय. हवा जैसा," शकीलभाई म्हणाले.

"पतला हय, मगर हलका हय क्या? वो दोनों अलग बातां हय ना भाई," मॅडम म्हणाल्या. "और चार्जर किधर हय? वो भी डालो थैली में. चार्जर क्या मेरे पीछे चलके आनेवाला?"

शकीलभाईंनी चार्जर दिला. तो पिशवीत पडताच काट्यानं अशी मान टाकली, की शकीलभाईंचीही खाली गेली. डब्यावर छापलेलं वजन चार्जर सोडून असतं, ही गोष्ट मला इतकी वर्षं कॉम्प्युटरचं काम करून कधी खटकली नव्हती. मला काय, माझा लॅपटॉप टेबलावरून उठून कपाटात जायचा.

मॅडमचं तसं नव्हतं. त्या आमच्या संस्थेतल्या भूजलतज्ज्ञ. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि गारखेड्यातल्या एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजायची, तिचा आलेख काढायचा, हे काम. मॅडम मोजून आणत, मी आलेख काढत असे. दौलताबादच्या पलीकडं त्यांचं माहेर, घरची शेती. भूगर्भशास्त्रात एमएस्सी, पन्नाशी उलटलेली, अंगावर सुती साडी आणि पायात स्पोर्ट शूज. इंग्रजी अहवाल इस्त्री केल्यासारखा लिहायच्या आणि तोंड उघडलं की ऑफिसात शेताचा बांध अवतरायचा. मला त्यांनी पहिल्याच दिवशी "जोश्या" करून टाकलं होतं. "पुंडलिकनगरात ऱ्हातोस ना रं? मग सांग बरं, तुझ्या नळाच्या मागं पाणी कुठून येतं?" मी धरणाचं नाव सांगितलं. "आन् धरणाच्या मागं?" मी पडद्यावरच्या नकाशात शोधायला लागलो. "बघ, तुझा नकाशा नळाशीच संपतो," असं म्हणून त्या हसल्या होत्या.

पावसानं लागोपाठ पाठ फिरवलेली ती वर्षं. गावात टँकर होते तसे शहरातही होते. तरी शहर थांबायला तयार नव्हतं. बायपासच्या दोन्ही अंगांना इमारती उठत होत्या आणि पाया खणायच्या आधी बोअरचं मशीन धडधडत होतं. "ह्ये शहर वर एक मजला चढलं की खाली दोन उतरतं," मॅडम म्हणायच्या. त्यांच्या मोजणीतल्या काही विहिरी प्लॉटिंगखाली गेल्या. असं झालं की त्या माझ्या पडद्यावरची ती अर्धवट तुटलेली रेघ बघायला मुद्दाम येत.

आता प्रश्न असा, की विहीर मोजायला लॅपटॉप कशाला लागतो? टेप खाली सोडायची, आकडा लिहायचा, घरी यायचं. बाकी सगळे तसंच करत. मॅडमचा मात्र नेम होता, की आकडा घेऊन पळून जायचं नाही. विहिरीच्या मालकाला, मालकिणीला बसवून तिथल्या तिथं रेघ दाखवायची. मागच्या साली कुठं होती, आता कुठं आहे, शेजाऱ्याच्या बोअरनं कधी खाली ओढली. "त्यांचं पाणी, त्यांची विहीर, मग रेघ जोश्याच्या टेबलावर का?" असा त्यांचा सवाल. बायका, म्हातारी माणसं लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसत आणि स्वतःच्या विहिरीची रेघ घरच्या माणसाचा फोटो बघावा तशी निरखत.

मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा दुसरीही एक गोष्ट पाहिली. आम्ही केसरबाईंच्या अंगणात पोचलो. केसरबाईंची विहीर मॅडमच्या यादीतली सगळ्यात जुनी. आल्या पाहुण्याला पाणी द्यायचं, हा रिवाज दुष्काळात सुटत नाही, उलट घट्ट होतो. मडक्यात तळाला असलं तरी तांब्या भरून येतो. ते पाणी प्यावं तर घास काढून घेतल्यासारखं होतं आणि नको म्हणावं तर अपमान होतो. मॅडम जीपमधून उतरल्या, पाठीवरच्या पिशवीतून भलीमोठी बाटली काढली, दारातल्या मडक्यात सगळी रिकामी केली आणि मग ओट्यावर बसून म्हणाल्या, "केसर, पाणी दे गं." केसरबाईंनी तांब्या भरून दिला. प्रत्येक गावात, प्रत्येक घरासाठी एक बाटली, असा त्यांचा हिशेब होता. जीप गावापर्यंत जाई, पुढं वस्त्यांवर बांधाबांधानं चालत, हे सगळं पाठीवर घेऊन.

याचा शेवट व्हायचा तोच झाला. उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, रात्री कुशीवर वळवेना. डॉक्टरांनी ओझं उचलायची बंदी केली. आमचे साहेब भले माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता टेबल सांभाळा. नव्या मुलांना पाठवू या गावांत." सहानुभूतीनंच म्हणाले, पण मॅडमचा चेहरा मी पाहिला. डॉक्टरांसमोर न डगमगलेली बाई साहेबांसमोर बारीक झाली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जोश्या, टेबलावर बसले की मी संपले. काय बी कर, माझं ओझं कमी कर."

मी म्हटलं, पाणी कमी करा. गावात कुठं ना कुठं मिळतंच.

"पाण्याचं नाव काढू नको. तुझं मशीन कमी कर."

त्यांच्या त्या जुन्या लॅपटॉपला आम्ही ऑफिसात पाटा म्हणत असू, वरवंटा तेवढा कमी होता. मी तो उघडला. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि खडकाचे थर बघावेत तसं आत वाकून बघू लागल्या. हे काय, ते काय, ह्यात पाणी गेलं तर काय होतं, हा पंखा कुणाला वारा घालतो? दुखणं विसरून त्यांची अशी चौकशी चालली होती, की मलाच ते मशीन नव्यानं दिसायला लागलं. सीडीचा ड्राइव्ह काढून मी तिथं पोकळ झाकण बसवलं. जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी घातली. लॅपटॉप घोड्यासारखा पळायला लागला. मॅडमनी तो तानकाट्याला लावला आणि निराश होऊन म्हणाल्या, "पळायला लागला रं, पर उंदराएवढं बी वजन घटलं नाय. मला कुठं पळवायचाय त्येला?"

म्हणून मग पैठण गेट. शकीलभाईंनी शेवटी दोन मशीनं आमच्यासमोर ठेवली. मॅडमनी दोन्ही उचलून पहिल्यांदा काय केलं, तर त्या दुकानाबाहेर भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. शकीलभाई "मॅडम, मॅडम" करत मागं धावले. त्यांना वाटलं, माल गेला. मॅडम पडद्यावर हाताची सावली करत, कधी सावली काढून, शांतपणे बघत होत्या. एकाचा पडदा आरशासारखा. त्यात म्हस्के मॅडम स्वच्छ दिसत होत्या, अक्षरं दिसत नव्हती. "ह्यात केसरला तिचं तोंड दिसंल, इहीर नाय दिसायची," म्हणून त्यांनी तो परत केला. शकीलभाईंनी त्याच मशीनचा बिनचकाकी पडद्याचा दुसरा नमुना काढला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

आता खरी निवड उरली. त्यातला एक फारच हलका, चार्जरसकट पाट्याच्या निम्म्यानं. पण त्याची रॅम बोर्डालाच चिकटवलेली, पुढं कधी वाढवता येणार नाही. दुसरा जरा जड, पण त्यात रॅमसाठी जागा रिकामी. मी हट्टानं दुसऱ्याच्या बाजूनं होतो. कॉम्प्युटरवाल्यांची जातच अशी, आज लागत नसलं तरी उद्यासाठी एक खण मोकळा पाहिजे.

"मॅडम, नकाशे मोठे होत चाललेत. दोन-तीन वर्षांनी रॅम वाढवावी लागेल. हलक्यात ती सोयच नाही."

"दोन-तीन वर्सांनी माझा खांदा वाढणार हाय व्हय?"

"तसं नाही, पण मशीन पुरायला नको का?"

"जोश्या, मला बी आता वाढवता येत नाय. हाय त्येवढ्यातच चालवायचं. दे तो हलका."

त्या हे हसत म्हणाल्या, पण हात खांद्यावर होता. हलका घेतला.

आणि अर्थातच, मोठे नकाशे उघडले की तो हलका गडी धापा टाकायला लागला. रॅम वाढवता येत नव्हती म्हणून मी काम कमी करत बसलो. नको ते सगळं काढून टाकलं, प्रत्येक विहिरीची एकच फाइल, तिच्यात एकच रेघ. चार्जरचा तोडगा मात्र सर्वस्वी मॅडमचा. त्यांनी चार जादाचे चार्जर मागवले आणि वाटेवरच्या गावांत एकेका घरी नेऊन ठेवले. "सासरी-माहेरी बाईचं एकेक लुगडं ऱ्हातं का नाय, तसं." केसरबाईंनी आपला चार्जर देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगला होता आणि दर शुक्रवारी पुसत होत्या, असं मॅडमनी सांगितलं. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण गावांची यादी मॅडमकडंच राहिली. पाठीवर पाणी, टेप आणि तो हलका लॅपटॉप घेऊन त्या आणखी काही वर्षं बांधाबांधानं हिंडल्या. ती वर्षं त्यांनी अक्षरशः तोलून-मापून मिळवली होती.

मग विहिरींत यंत्रं आली. बोटाएवढा सेन्सर पाण्यात सोडायचा, वर एक पेटी, आणि पातळी आपोआप माझ्या टेबलावर. कुणी उचलायचं काही नाही. मी फार खुशीत होतो. मॅडमनाही आधी भारी कुतूहल. तो सेन्सर त्यांनी हातात फिरवून पाहिला, गाळात रुतला तर काय, बेडकानं वायर ओढली तर काय, हजार प्रश्न विचारले. माझ्या पडद्यावर पहिली रेघ उमटली तेव्हा टाळी वाजवली. थोड्या वेळानं खुर्चीत मागं टेकून म्हणाल्या, "म्हंजी आता जायचं कामच नाय." मी "हो ना!" म्हणालो, अगदी आनंदानं. मग त्यांच्याकडं पाहिलं आणि जीभ चावली.

ठेवलेले चार्जर गोळा करायला त्या निघाल्या, तेव्हा मी आपणहून सोबत गेलो. केसरबाईंनी चार्जर खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला, वायरीची नीट गुंडाळी करून मॅडमच्या हातात दिली.

"मंग आता तुमी येणार नाय व्हय?"

"आता पाणी आपोआप मोजतंय, केसर," मॅडम म्हणाल्या. "कशाला येऊ, सांग."

केसरबाईंना हा प्रश्नच कळला नाही. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मोजायला कुणी बोलावलं व्हतं हो ह्यास्नी? आमी तर बाईची वाट बघत व्हतो." आणि आत वळून चुलीवर चहा ठेवला.

परतीच्या वाटेवर दौलताबाद मागं पडलं तरी ती वायरीची गुंडाळी मॅडमच्या हातातच होती. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शहराच्या पहिल्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा एकदम म्हणाल्या, "जोश्या, किती वर्सं मी त्या मशीनचं वजन उतरवत बसले रं. त्येच्याबिगर बी चाललं असतं." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या. मी बाकीचे चार्जर पिशवीत नीट लावत बसलो.

निवृत्तीनंतर मॅडम एसटीनं त्याच गावांना जायला लागल्या. मोजायला काही नसे. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. थोडंच आजारपण, फार हाल नाहीत. ऑफिसात त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिली गेली, तसं होतंच. मला मात्र त्यांची इतकी आठवण येते, की मी कधीकधी बायकोला काही न सांगता स्कूटर काढतो आणि दौलताबादच्या रस्त्याला लागतो. पहिल्यांदा असा गेलो तेव्हा रस्ताभर मी कारण जुळवत होतो. सेन्सर तपासायला आलोय म्हणावं, पेटीला ऊन लागतंय का ते बघायला म्हणावं. केसरबाई अंगणात बाजरी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, सूप बाजूला केलं आणि बसायला पोतं पुढं सरकवलं. कशाला आलात, असं त्यांनी विचारलंच नाही.